एनएबीएचवरचा तो फॉरवर्ड आणि त्याचं उत्तर

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. रामबागेतून टिळकनगर, तिथून सुदामानगर, मजकूर तोच. विषय एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मानांकन देणारं मंडळ. सार असं: एनएबीएच म्हणजे बिल वाढवायचा परवाना, तपासणी म्हणजे एका दिवसाचं नाटक, पूर्वी अशा संस्था नव्हत्या तरी माणसं बरी व्हायची, आणि सरकारी दवाखान्यांना तर कुणी विचारतच नाही.

बिलाचं आधी. थोडं खरं आहे. सीजीएचएस या केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनरांच्या आरोग्य योजनेत एनएबीएच मानांकन नसलेल्या हॉस्पिटलला 15 टक्के कमी दर मिळतो. पण तो फरक सरकारच्या खिशातून जातो. रोख भरणाऱ्याचे दर ही संस्था ठरवत नाही. उलट उपचाराचा अंदाजे खर्च पेशंटला आधी सांगा, ही तिचीच अट. शिवाय मेसेजवाल्यांनी दोन गोष्टींची खिचडी केली आहे. नर्सिंग होमची नोंदणी मध्य प्रदेशात 1973 च्या कायद्याने सक्तीची, ती जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या (सीएमएचओ) ऑफिसात होते. एनएबीएच हे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचं मंडळ, त्याचं मानांकन ऐच्छिक.

आता नाटकाचं. तपासणी यायच्या आधी भिंती रंगतात, फायली रातोरात भरतात, हे हॉस्पिटलात काम केलेला कुणीही सांगेल. पण तपासनीस फक्त भिंती बघत नाही. एक उदाहरण घ्या. पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं, आणि त्याचं अँप्युल घाईत डिस्टिल्ड वॉटरसारखंच दिसतं. म्हणून ते वॉर्डात सुटं ठेवायचं नाही, ठळक लेबल लावून कुलपात, देताना दोघींनी तपासायचं. चांगला तपासनीस हे डायरेक्टरला विचारत नाही. नाइटच्या सिस्टरला म्हणतो, "कुठे ठेवता? दाखवा." तिथे नाटक चालत नाही. तिला माहीत असतं, नाहीतर नसतं.

बरं, नाटकच समजू. अमेरिकेतल्या मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) पेशंटांवरचा एक अभ्यास 2017 मध्ये आला. तपासणी पथक न कळवता येऊन धडकलं त्या आठवड्यात भरती झालेल्यांचा 30 दिवसांतला मृत्युदर 7.03 टक्के, आगेमागेच्या आठवड्यांत 7.21. फरक लहान, पण दिशा बघा: कुणीतरी बघतंय म्हटल्यावर माणसं कमी दगावली. मग मागणी तपासणी बंद करण्याची करायची, की न कळवता करण्याची?

नुसत्या सर्टिफिकेटवर माझाही भरवसा नाही. अमेरिकेतल्याच 2018 च्या अभ्यासात, खासगी संस्थेचं मानांकन घेतलेल्या आणि फक्त राज्य सरकारने तपासलेल्या हॉस्पिटलांच्या मृत्युदरात म्हणावा असा फरक दिसला नाही. मेसेजवाले हे नक्की पुढे करतील. पण त्या दोन्हींवर कुणाचं ना कुणाचं लक्ष होतंच. बिनतपासणीची हॉस्पिटलं त्या तुलनेत नव्हतीच.

"पूर्वी माणसं बरी व्हायची." झाली, ती फॉरवर्ड पाठवताहेत. बाकीची कशी पाठवणार?

राहिलं सरकारी. विचारत नाही हे चूक. विचारण्यात दम नाही असं म्हणा. जिल्हा रुग्णालयांसाठी एनक्यूएएस ही मानकं 2013 पासून आहेत, स्वच्छतेसाठी कायाकल्प 2015 पासून. आणि 2025 च्या ऑगस्टअखेर आपल्या एमवायमध्ये, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या आयसीयूत दोन अर्भकांना उंदीर चावले. दोन्ही गेली. मृत्यूच्या कारणावरून वाद झाला, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. कायाकल्पच्या तपासणी यादीतला पहिलाच मुद्दा कोणता? कीटक आणि प्राण्यांचा बंदोबस्त. यादी होती. उंदीर मारायचं कंत्राट खासगी कंपनीला होतं. त्या कामाचं रजिस्टर उघडून सही कोण करत होतं, शेवटची कधी केली, हे ग्रुपवर कुणी विचारलं नाही. माहितीच्या अधिकारात विचारता येतं, अर्जाला 10 रुपये लागतात.