कोच काढा, पण सांगून काढा

सोयाबीन घरात आलं की आमच्या इकडे, यवतमाळ जिल्ह्यात, कबड्डीचे सामने लागतात आणि मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो : "संघ हरला की कोच बदला. मोठे संघ चॅम्पियन कोचलाही रातोरात हाकलतात. कारण सांगत बसत नाहीत. काढलं की विषय संपला. गावातच लोक उगाच लाजतात."

रातोरात हाकलतात, हे खरं. इंग्लंडच्या लेस्टर सिटी या फुटबॉल क्लबने कोच रानिएरीला फेब्रुवारी 2017 मध्ये काढलं. तिथली सर्वांत वरची प्रीमियर लीग जिंकून दिल्याला वर्षही झालं नव्हतं. पण मेसेजवाल्याने क्लबचं निवेदन वाचलेलं दिसत नाही. आमच्या इतिहासातले सर्वांत यशस्वी मॅनेजर हेच, असं त्यात लिहिलं होतं. आणि संघ खालच्या लीगमध्ये घसरायची भीती आहे म्हणून नाइलाजाने हा निर्णय, हेही. कारण दिलं आणि मानही ठेवला. पुढे संघ सावरला, बाराव्या नंबरवर राहिला, एवढं मात्र मेसेजच्या बाजूने मान्य.

विषय संपतो म्हणता? भारतीय फुटबॉल महासंघाने जून 2024 मध्ये भारताच्या पुरुष संघाचा कोच इगोर स्टिमॅकला हटवलं. करार होता जून 2026 पर्यंतचा. थकबाकीवरून दावा ठोकायची भाषा झाली आणि शेवटी 4 लाख डॉलरवर प्रकरण मिटलं.

राहिलं गावातलं लाजणं. आम्ही लाजलो असतो तर बरं झालं असतं. मागच्या वर्षी मंडळाने कोचला काढलं. ठरावाला माझाही हात वर होता, आणि निर्णय मला आजही चूक वाटत नाही. पोरं पकडीत फारच कमी पडत होती. सरांशी करार नव्हता, मानधनही नव्हतं. द्यायचं होतं फक्त एक वाक्य. ते सांगायचं कोणी? अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी मोबाईल काढला आणि सरांना ग्रुपमधून उडवलं.

सर व्हॉट्सॲप रोज पाहणाऱ्यातले नव्हेत. पहाटे साडेपाचला चुन्याचा डबा घेऊन मैदानावर हजर. मधली रेघ आखून झाली होती, बोनसची अर्धी. मी सायकलने शेतात चाललो होतो.

"काहून रे बावा, पोट्टे कुठी गेले आज?"

"पाह्यतो सर," म्हटलं आणि सायकल तशीच पुढे दामटली.