पोचा हीच पावती

बंदूक आली आणि चिलखत संपलं, असं बरेचदा म्हणतात. इतकं सरळ नव्हतं हो ते. उलट सोळाव्या-सतराव्या शतकात छातीचा पत्रा जाड होत गेला. कारागीर नव्या चिलखतावर स्वतःच गोळी झाडायचा. भोक न पडता नुसता पोचा आला की माल पास! गिऱ्हाईक तो पोचा बघूनच पैसे मोजायचं. (काही पोचे हातोडीचेही असणार, दुकानदार शेवटी दुकानदार.)

ऑस्ट्रियात ग्राझच्या जुन्या शस्त्रागारात असे पत्रे रांगेने टांगलेत. जवळून पाहिलं तर छातीच्या पत्र्याच्या मधोमध उठलेली कडा दिसते, आणि छातीचा पत्रा जाड, पाठीचा पातळ. पाठ दाखवणाऱ्याला कोण वाचवणार?

१६४३ मध्ये इंग्लंडच्या यादवीत राउंडवे डाउनच्या लढाईत, राजाविरुद्ध संसदेच्या बाजूने लढणाऱ्या सर आर्थर हेसलरिगवर अगदी जवळून पिस्तुलं झाडली, तरी गडी जिवंत! अंगभर चिलखतामुळे त्याच्या पलटणीला लोक ‘लॉब्स्टर’ (कवचवाला शेवंडा) म्हणायचे. राजा चार्ल्सने ऐकून टोमणा मारला, तटबंदी इतकी होती तर दाणागोटाही भरायचा, वेढासुद्धा सोसला असता.

खरा घात केला तो वजनाने. सैनिकच वैतागून हातापायांचे पत्रे फेकू लागले, छातीचा तेवढा टिकला.