14 वजा 9 बरोबर 5? कॅन्सरनंतर जगणारे असे मोजत नाहीत

एक हिशेब सध्या फोनाफोनी फिरतो आहे: ‘भारतात वर्षाला 14 लाख लोकांना कॅन्सर होतो, 9 लाख मरतात. म्हणजे वाचतात फक्त 5 लाख. मग उपचारांवर पैसा घालवायचा कशाला?’ माझ्या मावशीलाही तो आला. तिच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला 14 वर्षं झाली.

पहिले दोन आकडे खरे आहेत. ग्लोबोकॅनच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या, 2022 च्या अंदाजात भारतात सुमारे 14.1 लाख नवे रुग्ण आणि 9.2 लाख मृत्यू आहेत. चुकली आहे ती वजाबाकी.

‘14 लाखांपैकी 9 लाख मरतात.’ ते 9 लाख सगळे या 14 लाखांतले नाहीतच. कोणाचं निदान त्याच वर्षीचं, कोणाचं 3 वर्षांपूर्वीचं, कोणाचं 10. किती जण जगतात हे कळायला एकाच वर्षी निदान झालेल्यांचा पुढे वर्षानुवर्षं माग ठेवावा लागतो. शिवाय 2020 मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले जेमतेम 22.5 टक्के होते. म्हणजे 9 लाख हासुद्धा अंदाजच.

‘वाचतात फक्त 5 लाख.’ शाळेत यंदा 140 मुलं दाखल झाली आणि 90 दाखला घेऊन गेली, म्हणून पटावर 50 मुलं आहेत असं कोणी म्हणेल का? पटावर आधीच्या वर्षांची मुलंही असतात. गेल्या 5 वर्षांत निदान झालेले आणि हयात असलेले भारतीय ग्लोबोकॅननुसार सुमारे 32.6 लाख आहेत. हा आकडा त्याच तक्त्यात, त्या दोन आकड्यांच्या शेजारी छापलेला असतो. तो गाळून माणसांना घाबरवलं जातं, याचा मला संताप येतो.

आणि मावशी या 32 लाखांतही नाही. 5 वर्षांची मुदत संपली की माणूस या मोजणीतून बाहेर. लहानपणी रक्ताचा कॅन्सर होऊन आज नोकरी करणारेही बाहेरच.

यावर काही जण उत्साहाने ‘32 लाख बरे झाले’ असं लिहितात. तेही खरं नाही. त्यांत आज केमो घेणारे आहेत, आजार उलटलेले आहेत.

खरी मोजणी कॅन्सर नोंदणीतूनच होते, म्हणजे एखाद्या भागातल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवूनच. मुंबईची कॅन्सर नोंदणी 1963 पासूनची, तर बार्शीची 1987 पासूनची, देशातली पहिली ग्रामीण. तिथली माणसं गावोगाव फिरून नोंदी मिळवतात. पण देशाचा थोडाच हिस्सा अशा नोंदणीखाली येतो. रुग्ण उपचार संपवून गावी जातो, फोन नंबर बदलतो, आणि तो हयात आहे की नाही हे विचारायला कोणी उरत नाही.

त्या ऑपरेशनमुळे मावशीचा डावा हात अजून सुजतो. अशा किती बायकांसाठी जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट हवा, हे 5 लाखांवरून कोणाला ठरवता येणार नाही.