ॲप्स एकमेकांना जोडली की मेसेज उघडे पडतात, हे खरं नाही

युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टने, म्हणजे बड्या टेक कंपन्यांना वेसण घालणाऱ्या कायद्याने, व्हॉट्सॲपला इतर मेसेजिंग ॲप्ससाठी वाट मोकळी करायला लावली, तेव्हापासून एक युक्तिवाद सारखा फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: ॲप्स एकमेकांना जोडली की एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेज इतरांना वाचता येऊ नये म्हणून लावलेलं सांकेतिक कुलूप, मोडतं आणि कोणीही तुमचे मेसेज वाचू शकतं. स्पॅम आणि फसवणूक वाढते. खुली मानकं, म्हणजे कोणत्याही कंपनीला वापरता येतील असे समाईक तांत्रिक नियम, आधीच करून पाहिली, ती टिकली नाहीत. आणि ज्याला व्हॉट्सॲप नको त्याने दुसरं ॲप टाकावं, अडवलंय कोणी? आपल्याकडे असा कायदा अजून नाही. तो हवा की नको हे ठरण्याआधीच हे सगळं लोकांच्या डोक्यात पक्कं बसायला नको, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी एन्क्रिप्शन, कारण माणसं खरी घाबरतात ती इथेच.

व्हॉट्सॲपवर कोणाच्याही नावावर टॅप करून माहिती उघडा आणि एन्क्रिप्शनच्या ओळीवर बोट ठेवा. एक क्यूआर कोड दिसेल आणि त्याच्याखाली 60 अंक. समोरच्या माणसाच्या फोनवरही तेच अंक दिसत असतील, तर तुम्हा दोघांच्या मध्ये तिसरा कोणी बसलेला नाही. मेसेजला कुलूप लागतं तुमच्या फोनमध्ये, आणि ते उघडतं समोरच्याच्या फोनमध्ये. मधल्या सर्व्हरचं काम फक्त पोचवायचं. मग तो मेसेज वाटेत दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून गेला, तरी तिथे तो उघडायचं कारणच काय? कारण एकच असू शकतं: दोन ॲप्सच्या एन्क्रिप्शनच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि मधला कोणी सर्व्हर एकातून उलगडून दुसऱ्यात बांधतो आहे. पद्धत एकच असेल तर हे करावंच लागत नाही, आणि ती एकच असावी यासाठीच तर खुलं मानक लागतं.

युरोपच्या कायद्याच्या 7 व्या कलमात हे स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या वापरकर्त्यांना कंपनी सुरक्षिततेची जी पातळी देते, एंड टू एंड (एका फोनपासून थेट दुसऱ्या फोनपर्यंतच्या) एन्क्रिप्शनसकट, ती जोडणीतही तशीच राखली पाहिजे. मार्च 2024 मध्ये व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटाने बाहेरच्या ॲप्ससाठी आपली रचना मांडली, तिच्या मुळाशीही व्हॉट्सॲप स्वतः वापरतं तीच एन्क्रिप्शनची पद्धत आहे, सिग्नल प्रोटोकॉल. नोव्हेंबर 2025 मध्ये बर्डीचॅट आणि हायकेट ही दोन ॲप्स युरोपात व्हॉट्सॲपला जोडली जात असल्याची घोषणा झाली. ती जोडणीही वापरणाऱ्याने स्वतःहून चालू केली तरच चालू होते. ग्रुपचं एन्क्रिप्शन हा जास्त अवघड भाग, पण त्यासाठीही एमएलएस नावाचं मानक आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने जुलै 2023 मध्ये प्रसिद्ध केलं आहे.

अडचणी नाहीतच, असं मी म्हणणार नाही. कोण कोणाशी कधी बोललं ही नोंद आता दोन कंपन्यांच्या हाती पडते. अमुक माणसाची किल्ली खरी कोणती, हे दुसऱ्या कंपनीला विचारावं लागतं, आणि तिच्या उत्तरावर किती विसंबायचं हा प्रश्न उरतो. यावर काम चालू आहे आणि ते व्हायलाच हवं. पण 'मेसेज कोणीही वाचेल' हे विधान फार वेगळं आहे, आणि ते खोटं आहे.

उलट बंद दारांमुळे मेसेज उघडे कसे राहिले, हे आयफोनवाल्यांना माहीत असायला हवं. आयमेसेजवरून अँड्रॉइड फोनला पाठवलेला मेसेज वर्षानुवर्षं साधा एसएमएस होऊन जात होता, म्हणजे एंड टू एंड एन्क्रिप्शन शून्य. ॲपलने आरसीएस हे समाईक मानक स्वीकारलं ते सप्टेंबर 2024 मध्ये, आयओएस 18 बरोबर. त्यात एंड टू एंड एन्क्रिप्शन कसं असावं हे जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने मार्च 2025 मध्ये ठरवून दिलं, तेही एमएलएसच्याच आधाराने.

स्पॅमचं थोडक्यात. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली खोट्या पोलिसांचे व्हिडिओ कॉल आज येतात ते व्हॉट्सॲपसारख्या बंद ॲपवरच. बंद असल्याने लुबाडणारे बाहेर राहिलेले नाहीत. सुरक्षेसाठी आवश्यक तेवढे निर्बंध घालायची मुभा कायद्याने कंपन्यांना दिलेली आहेच.

आता खुल्या मानकांचा इतिहास. तो सांगताना नेमका अर्धाच सांगितला जातो. जॅबर हे चॅटचं खुलं तंत्र 1999 मध्ये लोकांसमोर आलं आणि 2004 मध्ये त्याचं एक्सएमपीपी या नावाने आयईटीएफचं मानक झालं. 2005 मध्ये आलेलं गूगल टॉक त्याच्यावरच उभं होतं. जानेवारी 2006 मध्ये गूगलने आपले सर्व्हर इतरांच्या सर्व्हरशी जोडले, आणि जीमेलचा माणूस दुसऱ्याच कोणाच्या सर्व्हरवर खातं असलेल्या मित्राशी सरळ चॅट करू लागला. हे चालत होतं. मग 2013 मध्ये गूगलचंच हँगआउट्स आलं आणि त्यात ही जोडणी ठेवली नाही. तंत्र थकलं म्हणून हे झालं का? ज्या व्हॉट्सॲपने जग व्यापलं त्याचा सर्व्हर सुरुवातीला एजॅबर्डी या एक्सएमपीपीच्याच सॉफ्टवेअरवर बांधलेला होता. तंत्र दणकट होतं. कोट्यवधी माणसं गोळा झाल्यावर दार उघडं ठेवण्यात धंद्याचा फायदा उरला नाही, आणि उघडं ठेवायला लावणारा नियम कुठे नव्हता. जिथे ग्राहकच मोठा आणि हट्टी आहे तिथे खुली मानकं आजही चालतात: फ्रान्स सरकारचं 2019 पासूनचं चॅप हे ॲप आणि जर्मन सैन्याचं मेसेंजर, दोन्ही मॅट्रिक्स या खुल्या मानकावर आहेत.

'दुसरं ॲप टाका' हा सल्ला आपण भारतात मनापासून अमलात आणून पाहिला आहे. हाइक हे भारतीय ॲप 2012 मध्ये आलं, त्याने एक अब्ज डॉलरहून जास्त मूल्यांकन मिळवलं आणि जानेवारी 2021 मध्ये त्याचं मेसेजिंग बंद झालं. सप्टेंबर 2025 मध्ये झोहो या भारतीय कंपनीच्या अरट्टाई या मेसेजिंग ॲपवर लोकांची झुंबड उडाली. ॲप टाकायला मिनिटभर लागतं, पण सोसायटीचा ग्रुप, मुलांच्या शाळेचा ग्रुप, गावाकडच्या भावकीचा ग्रुप तिकडे कोण हलवणार? पाण्याचा टँकर कधी येणार हे जुन्याच ग्रुपवर कळतं, म्हणून जुनं ॲप काढता येत नाही. दोन्ही ॲप्स राहतात आणि हळूहळू एक उघडायचं राहून जातं. यात स्वदेशीची निष्ठा कमी पडली असं म्हणणं लोकांवर अन्याय आहे. झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी तेव्हाच जाहीरपणे म्हटलं होतं की मेसेजिंग हे यूपीआय आणि ईमेलसारखं एकमेकांशी जोडलेलं असावं.

टेलिफोनच्या बाबतीत आपल्या देशाने हा प्रश्न कधीच असा बाजारावर सोडला नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झालं तेव्हा जिओवरून इतर कंपन्यांच्या नंबरांवर केलेले कॉल मोठ्या प्रमाणावर लागतच नव्हते, कारण जोडणीची केंद्रं पुरेशी दिली गेली नव्हती. 'मग सगळ्यांनी जिओ घ्या' असं ट्राय, म्हणजे आपली दूरसंचार नियामक संस्था, म्हणाली नाही. तिने ऑक्टोबरमध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांच्यावर मिळून 3,050 कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. नव्या कंपनीच्या ग्राहकाला जुन्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलता आलंच पाहिजे, हे तत्त्व तिथे वादाचं नव्हतं.

त्याच ट्रायने सप्टेंबर 2020 मध्ये मेसेजिंग ॲप्सबाबत मात्र तूर्त नियमन नको, बाजाराला आपलं काम करू द्या, अशी शिफारस केली. तेव्हा एमएलएस पूर्ण झालेलं नव्हतं, युरोपचा कायदा नव्हता, आणि दोन कंपन्यांची ॲप्स एन्क्रिप्शन राखून जोडल्याचं मोठं उदाहरण समोर नव्हतं. आज ही तिन्ही आहेत. ट्रायने हा विषय पुन्हा चर्चेला घ्यावा आणि सुरुवात दोघांमधल्या साध्या मेसेजपासून करावी. युरोपनेही तशीच केली: आधी दोघांमधले मेसेज, दोन वर्षांत ग्रुप, चार वर्षांत कॉल.