“आपले लोकही दोन सूटकेस घेऊनच गेले होते”: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा नीट. उत्तर लांबलं म्हणून ते वेगळं लिहितोय.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतली गुलामी 1865 मध्ये संपली, तरी मी ‘वारसा, वारसा’ करत गाडलेली मढी उकरतो. खुद्द जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली आणि मी त्याच देशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. आफ्रिकेतल्या राजांनीच माणसं विकली, हे मी गाळलं. सगळ्या गोऱ्यांना एकाच काठीने हाकलं. आणि शेवटी, आपले लोक दोन सूटकेस घेऊन तिथे गेले आणि वर आले, मग यांनाच काय झालं?

गोऱ्यांबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. मी ‘गोऱ्यांनी’ असं सरसकट लिहिलं, ते आळसाने लिहिलं. आफ्रिकन राजांचंही खरं आहे. दाहोमीचं राज्य या व्यापारावर पोसलं गेलं आणि त्याच भूमीवरच्या आजच्या बेनिनचे तेव्हाचे अध्यक्ष मॅथ्यू केरेकू यांनी 1999 मध्ये अमेरिकेत, बाल्टिमोरला जाऊन त्याबद्दल माफी मागितली. पण विकणारा दोषी ठरला म्हणून विकत घेणारा सुटत नाही. शिवाय माझा लेख माणसं विकत कशी घेतली याबद्दल नव्हताच. सुटका झाल्यावर काय झालं, याबद्दल होता.

आता जोतीरावांकडे येतो. हा मुद्दा काढल्याबद्दल मनापासून आभार, कारण ते साल फार बोलकं आहे.

1873 मध्ये अमेरिकेचं कौतुक करायला सबळ कारण होतं. कालपर्यंत मालमत्ता म्हणून मोजली जाणारी माणसं मतदान करत होती, निवडून येत होती. मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय नेते 1870 मध्ये थेट सिनेटमध्ये पोचले होते. जोतीरावांनी जे पाहिलं ते खरंच घडत होतं. ‘गुलामगिरी’ जूनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी 13 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात दुसरी गोष्टही घडली होती.

आदल्या वर्षीच्या निवडणुकीचा निकाल वादात होता. दोन गव्हर्नर, दोन्ही पक्षांचे अधिकारी, आणि कचेरी एकच. काही कृष्णवर्णीय नागरिक, त्यांतले काही माजी सैनिक, गावच्या न्यायालयाची इमारत धरून बसले. दीडशेच्या आसपास हत्यारबंद गोरे तोफ घेऊन आले. इमारतीला आग लावली गेली. बाहेर पडणाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि शरण आलेल्या कैद्यांना रात्री ठार केलं. मेलेल्यांची संख्या साठपासून दीडशेपर्यंत सांगितली जाते. नेमका आकडा कधीच ठरला नाही. मला स्वतःला ही गोष्ट त्या हिंसेपेक्षाही जड जाते.

पण माझा रोख पुढच्या तीन वर्षांवर आहे. नव्वदहून अधिक जणांवर आरोप ठेवले गेले, त्यांतल्या नऊ जणांवर खटला चालला, तिघे दोषी ठरले. 1876 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही सोडून दिले. युक्तिवाद असा की सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्यसरकारांना बांधते, खासगी माणसांना नाही. कोणी खासगीत तुमचा जीव घेतला, तर राज्याकडे दाद मागा. आणि राज्य कोणाच्या हातात जाणार होतं? ज्यांनी तोफ आणली, त्यांच्याच. 1877 मध्ये केंद्राने दक्षिणेतल्या सरकारांमागचं लष्कर काढून घेतलं आणि विषय मिटला.

पुढचं काम कागदावर झालं, बंदुकीची फारशी गरज उरली नाही. लुइझियानाने 1898 मध्ये नवी राज्यघटना केली. मतदाराला अक्षरओळख हवी किंवा मालमत्ता हवी. मात्र ज्याचा बाप किंवा आजा 1 जानेवारी 1867 पूर्वी मतदार होता, त्याला सूट. त्या तारखेला तिथे कोणत्या रंगाचे आजे मतदार होते, हे वेगळं सांगायला नको. 1896 मध्ये त्या राज्याच्या यादीत 1,30,334 कृष्णवर्णीय मतदार होते. 1900 मध्ये उरले 5,320. 1904 मध्ये 1,342. आणि कायद्यात ‘काळा’ हा शब्द कुठेही नाही! शिवाय मतपट्टीने, म्हणजे मतदानासाठी भराव्या लागणाऱ्या कराने, गरीब गोरेही यादीबाहेर गेले. तुम्ही ज्यांची बाजू घेतलीत, तेच हे गुलाम न बाळगणारे गोरे.

तेव्हा ‘1865 मध्ये संपली’ हे वाक्य मला पटत नाही, ते एवढ्यासाठी की ते वाक्य दार उघडल्याचं सांगतं आणि नंतर ते कोणी, कोणत्या शिक्क्याने बंद केलं ते सांगत नाही. गुलामी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीतच ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर वगळून’ अशी फट होती. दक्षिणेतल्या राज्यांनी भटकेपणाला गुन्हा ठरवलं, कामाचा करार दाखवता न येणाऱ्याला पकडलं आणि कैदी खाणींना, मळ्यांना भाड्याने दिले. अलाबामात हा धंदा 1928 पर्यंत चालला. यात एक क्रूर हिशेबही होता. गुलाम मेला तर मालकाचं नुकसान व्हायचं. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळायचा.

आणि हिशेबाचाच विषय निघालाय तर हेही सांगतो. वॉशिंग्टन शहरातली गुलामी 1862 मध्ये कायद्याने संपली तेव्हा भरपाई दिली गेली, माणशी 300 डॉलरपर्यंत. ती मालकांना. सुटलेल्या माणसाला 100 डॉलरपर्यंत मिळू शकत होते, पण अट अशी की त्याने देश सोडून जावं. जानेवारी 1865 मध्ये जनरल शर्मन यांनी किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस चाळीस एकर देण्याचा हुकूम काढला. सुमारे चाळीस हजार माणसं तिथे वसलीही. ते वर्ष संपायच्या आत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जमीन जुन्या मालकांना परत करायला लावली. पेरलेल्या शेतांसकट.

तुम्ही म्हणाल, हेही जुनंच. बरं, मग 1947 घ्या. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना घर, शेत, धंदा यांसाठी सरकारी हमीची कर्जं मिळत होती. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. मिसिसिपीत तोवर अशी 3,229 कर्जं हमीसह दिली गेली होती. त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांना दोन. अमेरिकेतल्या मध्यमवर्गाची पुंजी म्हणजे प्रामुख्याने राहतं घर, आणि घर मुलांकडे जातं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, फेडरल रिझर्व्हच्या, 2022 च्या पाहणीत मधल्या (म्हणजे संपत्तीप्रमाणे रांग लावली तर बरोबर मध्यावरच्या) गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती 2,85,000 डॉलर निघाली, मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900. या तफावतीमागे एवढं एकच कारण आहे असं मी म्हणत नाही. पण 1947 मध्ये ज्याला कर्ज नाकारलं गेलं, त्याचा नातू आज नोकरीत असेल. त्याला तुम्ही ‘इतिहास’ म्हणताय.

आता सूटकेस. या मुद्द्यावर मला जरा चिडायला होतं, कारण आपल्याकडच्या प्रत्येक चर्चेत ती निघतेच.

1923 मध्ये पंजाबातून तिथे गेलेल्या भगतसिंग थिंद यांच्या नागरिकत्वाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चालला. बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व तेव्हा ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकन वंशाच्या माणसालाच मिळू शकत होतं. ही भिंतच अन्यायाची आहे, असा युक्तिवाद झाला नाही. आम्ही उच्चजातीय आर्य, म्हणून आम्हालाही गोरे धरा, असा झाला. न्यायालयाने तो फेटाळला आणि आधी मिळालेली काही भारतीयांची नागरिकत्वंही त्यानंतर काढून घेतली गेली. 1946 नंतर वर्षाला शंभर भारतीयांची मुभा मिळाली. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते 3 ऑक्टोबर 1965 च्या कायद्याने. त्याआधी दोनच महिने, 6 ऑगस्टला, मतदान हक्काचा कायदा झाला होता. दोन्हींवर सही एकाच राष्ट्राध्यक्षाची, आणि दोन्हींमागे रेटा होता तो लाठ्या खात रस्त्यावर उतरलेल्या कृष्णवर्णीयांचा. त्या दारातून आपल्यातले जे गेले त्यांतले बरेच डॉक्टर, इंजिनियर, म्हणजे शिक्षणाच्या गाळणीतून आधीच गाळलेले. सूटकेस दोनच होत्या, कबूल. त्यातल्या एकीत पदवी होती.

आणि कोलफॅक्स. तिथे 1950 च्या सुमारास सरकारी पाटी लागली. तीत लिहिलं होतं की इथे ‘दंगल’ झाली, तीन गोरे आणि 150 काळे मेले, आणि दक्षिणेतल्या परक्यांच्या गैरकारभाराचा अंत झाला. ती पाटी 2021 मध्ये निघाली. तुम्ही म्हणता ना, किती दिवस उकरायचं? सत्तर वर्षं ती उकरायचीही गरज नव्हती, रस्त्याच्या कडेला उभी होती.

मूळ लेखातला ‘गोऱ्यांनी’ हा शब्द आज दोन ठिकाणी बदलला आहे. शीर्षक मात्र होतं तेच ठेवतोय.