मिलिमीटरभर उंचीचा प्रश्न : स्कॅनरच्या लेखावरील आक्षेपांना उत्तर

नमस्कार.

चित्रं स्कॅन करायला कोणता स्कॅनर घ्यावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. एक, ‘सीसीडी स्कॅनरच घ्या’ हा सल्ला (सीसीडी हा सेन्सरचा एक प्रकार, खाली सांगतो) जुनाट आहे, कारण कॅननचा लाइड ४०० हा स्कॅनर कितीतरी कमी पैशांत ४८०० डीपीआय (दर इंचात टिपले जाणारे ठिपके) देतो आणि तुम्ही तोच घेतला आहे. दोन, काचेभोवतीच्या प्लास्टिकच्या उंचवट्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. तीन, ‘ए३ स्कॅनर घ्या’ असं सरळ सांगायचं सोडून मोठं चित्र तुकड्यातुकड्यांत स्कॅन करून जोडण्याची कटकट वाचकाच्या गळ्यात मारली आहे.

दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. ती लेखातली मोठीच उणीव आहे. पहिला मात्र मान्य नाही.

लाइडमध्ये सीआयएस सेन्सर असतो. काचेच्या रुंदीएवढी सेन्सरची पट्टी, तिच्यावर बारीक भिंगांची रांग, आणि हे सगळं काचेला जवळजवळ खेटून सरकतं. त्यामुळे फोकस काचेच्या पृष्ठभागापुरताच राहतो. कागद मिलिमीटरभर उचलला गेला की रेघ पसरते. सीसीडीत प्रकाश आरशांवरून फिरत लांबचा प्रवास करतो आणि एका भिंगातून छोट्या सेन्सरवर पडतो, म्हणून काचेपासून काही मिलिमीटर वर असलेला भागही स्पष्ट येतो. ४८०० हा आकडा काचेला टेकलेल्या कागदासाठी आहे. जिथे फोकसच नाही तिथे डीपीआय वाढवला तर फक्त फाइल फुगते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी तपासा. १५ सेंटिमीटरची पांढरी प्लास्टिकची पट्टी घ्या. आकडे खाली, शून्याचं टोक काचेवर, दुसऱ्या टोकाखाली दीड सेंटिमीटर उंचीचा खोडरबर. आता पट्टीवरचा दर सेंटिमीटर म्हणजे काचेपासून साधारण एक मिलिमीटर उंची. झाकण उघडंच ठेवा, वरून काळं कापड टाका आणि ६०० डीपीआयला स्कॅन करा. मिलिमीटरच्या रेघा कितव्या सेंटिमीटरला एकमेकींत मिसळतात ते मोजा. सीआयएसवर हे अगदी सुरुवातीलाच होतं, सीसीडीवर पट्टी बरीच पुढेपर्यंत वाचता येते. जुना स्कॅनर घेताना दुकानातही ही चाचणी करा, दोन मिनिटांचं काम आहे.

गुळगुळीत कागदावरची शाई, पेन्सिल, सपाट छापील पान यांना लाइड उत्तम आहे, तिथे जास्त पैसे घालवू नयेत. पण तुम्ही लिहिता की चित्रं ३०० जीएसएम कोल्ड प्रेस (जाड, खरबरीत) कागदावरच्या जलरंगातली, हाफ इम्पिरियल (१५ बाय २२ इंच) मापाची आणि थोडी वाकलेली आहेत. नेमकी इथेच सीआयएस कमी पडते.

आता तो उंचवटा. काचेच्या कडेवरून नख फिरवा, ते प्लास्टिकला अडेल. स्कॅनरपेक्षा मोठा कागद त्या कडेवरून बाहेर जातो तेव्हा तिथे उचलला जातो. जाड कागद लगेच खाली येत नाही, कडेलगत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा पट्टा हवेत राहतो. सीसीडीवर तो पट्टा बहुधा चालून जातो, सीआयएसवर धुरकट होतो. म्हणून दोन तुकड्यांची एकमेकांवरची व्याप्ती, म्हणजे दोन्हींत येणारा सामाईक भाग, या धुरकट पट्ट्याच्या दुपटीपेक्षा जास्त हवी.

यासाठी मापं मांडून पाहा. ए४ स्कॅनरची काच २१६ बाय २९७ मिलिमीटर. क्वार्टर इम्पिरियल म्हणजे ११ बाय १५ इंच, म्हणजेच २७९ बाय ३८१. २७९ची बाजू काचेच्या लांबीत पूर्ण मावते आणि दोन स्कॅनमध्ये ५१ मिलिमीटरची व्याप्ती मिळते. छान. ए३ कागद मात्र फसवतो. दोन स्कॅनमध्ये बसतो खरा, पण व्याप्ती फक्त १२ मिलिमीटर उरते, सगळी धुरकट पट्ट्यात. तिथे तीन स्कॅन करावेत. तुमच्या हाफ इम्पिरियलला (३८१ बाय ५५९) सहा स्कॅन लागतील, कागदाची लांब बाजू काचेच्या रुंदीच्या दिशेत ठेवून. तीन स्कॅन त्या दिशेत, ४४ मिलिमीटर व्याप्तीने, आणि दोन आडव्या ओळी. उलट ठेवलं तर चार स्कॅनमध्ये भागतं, पण एका बाजूला दोन स्कॅनमध्ये ३५ मिलिमीटरच उरतात, आणि तीही दुसऱ्या दिशेतल्या जोडांसकट सांभाळावी लागतात.

स्कॅन करताना झाकण काढून ठेवा. कागदाच्या पाठीवर पातळ फोम, त्यावर प्लायवूडचा तुकडा आणि वर एखादं जाड पुस्तक. हाताने दाबू नका, काच वाकते. ऑटो एक्सपोजर, ऑटो टोन, शार्पनिंग, धूळ काढणं, सगळं बंद. हे एक चुकलं तर प्रत्येक तुकड्याचं आकाश वेगळ्या निळ्याचं येतं आणि कोणतंही सॉफ्टवेअर तो जोड लपवत नाही. टिफ फाइल, सगळे तुकडे एकाच सेटिंगवर. मूळ मापात छापायचं तर ३०० डीपीआय पुरे, दुप्पट मोठं करायचं तर ६००. हाफ इम्पिरियल ६००ला ९००० बाय १३२०० पिक्सेल होतं, २४ बिटमध्ये सुमारे ३५६ एमबी. फोटोशॉपच्या फोटोमर्जमध्ये (तुकडे जोडण्याची सोय) ‘रिपोझिशन’ निवडा. बाकीचे पर्याय तुकड्यांना फिरवतात, ताणतात किंवा पॅनोरमासारखं वाकवतात.

आणि एक: जोडायचे तुकडे घेताना कागद उलटा फिरवू नका. बऱ्याच स्कॅनरमध्ये दिवा एकाच बाजूला असतो, त्यामुळे कोल्ड प्रेसच्या प्रत्येक खळग्याची सावली एकाच दिशेला पडते. अर्धे तुकडे १८० अंशांत फिरवले तर जोडाच्या एका बाजूला पोत उठावदार आणि दुसऱ्या बाजूला खोलगट दिसतो. याच गोष्टीचा फायदाही करून घेता येतो. पूर्ण संच एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत घ्या, दोन्ही जोडलेली चित्रं एकावर एक जुळवून वरच्या लेयरची अपारदर्शकता ५० टक्के करा. सावल्या बऱ्याच मिटतात, रंग तसाच राहतो.

ए३बद्दल. प्लसटेकचा ऑप्टिकस्लिम ११८० ए३ आहे, पण तोही सीआयएस. काच मोठी झाली, फोकसची खोली तेवढीच. ए३ सीसीडी मिळतात, परवडणारे नाहीत. म्हणून ए४ सीसीडी आणि तुकडे जोडणं हाच मार्ग मला योग्य वाटतो. नवा एप्सन व्ही६०० महाग वाटला तर कॅननचा ९०००एफ मार्क टू किंवा एप्सनचा व्ही३७० वापरलेला शोधा. घेताना टॉर्च काचेवर आडवी धरा. आतल्या बाजूने धुकं दिसलं तर कॉन्ट्रास्ट गेलेला असेल. प्रवासात गाडा (आतला सरकणारा भाग) अडकवायचं लॉक असेल तर ते लावून घ्या, आणि घरी ते उघडल्याशिवाय स्कॅनर सुरू करू नका.

चारकोल, खडू, आणि शेण-गेरूच्या थरावरची वारली चित्रं काचेला टेकवूच नका. रंग निघतो, शेणाचे कण काचेला ओरखडतात. दोन्ही बाजूंना दोन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवून चित्र अधांतरी धरता येतं, पण फक्त सीसीडीवर. जाड थरांचं तैलरंगातलं काम किंवा कोलाज असेल तर स्कॅनर बाजूला ठेवा, दोन दिवे ४५ अंशांत लावून कॅमेऱ्याने फोटो घ्या.

तुमचा लाइड परत करण्याआधी एक चित्र रात्रभर वजनाखाली सपाट करा आणि त्याचा मधला भाग व कडेचा भाग ६००ला स्कॅन करून शेजारी शेजारी ठेवा. मधला स्वच्छ आणि कडेचा पसरलेला दिसला तर व्याप्ती वाढवून काम भागेल. मधलाच पसरलेला असेल तर परतीची मुदत संपायच्या आत निर्णय घ्या.