दुरुस्तीला हेड नाही

सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. नवीन सिमेंट बंधाऱ्याचं भूमिपूजन, नारळ, कुदळ, फेटे, मागं जेसीबी उभा. खाली अभिनंदनाची रांग. मी फोटो मोठा करून बघितला तर वरच्या अंगाला आमचा जुना माती नाला बांध दिसतोय, मधोमध फुटलेला. त्याच नाल्यावर, हाकेच्या अंतरावर! तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबेल.

तो बांध ७२ च्या दुष्काळी कामातला. त्याच्या भरावावर माझ्या आजीनं मातीच्या पाट्या टाकल्यात, दुष्काळात वाटलेली मिलो ज्वारी खाऊन. आणि तो इतकी वर्षं टिकला तो आमच्या तात्यांमुळं, म्हणजे थोरल्या चुलत्यांमुळं. तात्या कुठल्या खात्यात नव्हते, त्यांना कुणी पगार देत नव्हतं, पण वळीव सुरू व्हायच्या आत फावडं घेऊन सांडव्यावर, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर काढायच्या वाटेवर जायचे, त्यात उगवलेली येडी बाभळ तोडायची, गाळ ओढायचा, भरावाला कुठं घूस लागलीय का बघायचं, बीळ दिसलं की मुरूम घालून ठोकून काढायचं. एवढंच काम. पण ते दरवर्षी.

आपल्याकडं पाणलोटाचं सगळं काम "झालं" या शब्दावर येऊन थांबतं. चर झाले, बंधारा झाला, फोटो झाला, जिओटॅगिंग झालं, बिल निघालं. त्यानंतर तो बंधारा कुणाचा? शंभर हेक्टरपर्यंत सिंचन असंल तर जिल्हा परिषदेचा, त्याच्यावर मृद व जलसंधारणचा, अजून मोठा असंल तर जलसंपदाचा, आणि बारीकसारीक कामं ग्रामपंचायतीकडं हस्तांतरित. कागदावर हस्तांतर होतं, त्याच्याबरोबर ना माणूस येतो ना पैसा. डोंगरावर उताराला आडवे, एका पातळीत खोदलेल्या सलग समतल चरांचं तर विचारूच नका, फूटभर खोल चर तो, दोन-चार पावसाळ्यांत गाळानं भरला की पाणी परत सरळ उताराला लागतं आणि माती घेऊन खाली येतं, मग आपण खालच्या तलावातला गाळ काढायला वेगळी योजना आणतो.

मागं एका अधिकाऱ्याला मी विचारलं होतं, बांध दुरुस्त का करत नाही. माणूस सरळ होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, "नवीन कामाला मंजुरी मिळते साहेब, दुरुस्तीला आमच्याकडं हेड नाही." हेड म्हणजे बजेटमधलं खर्चाचं खातं. म्हणजे फुटलेला बांध फुटलेलाच ठेवायचा आणि त्याच्या खाली नवा बांधायचा! ज्या वर्षी वरनं सगळं एकदम येईल त्या वर्षी त्या फुटक्या बांधाची उरलेली माती नव्या बंधाऱ्यात जाऊन बसणार. हे शाळेतल्या पोराला कळतं.

१९९२ ला तेव्हाचे मुख्यमंत्री सुधाकरराव नाईकांनी जलसंधारणाचं स्वतंत्र खातं काढलं. मोठं काम केलं त्या माणसानं, आजही १० मे आला की आपण जलसंधारण दिन म्हणतो. पण खातं काढलं ते बांधायला, सांभाळायला कुणी काढलंच नाही. नंतर २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार आलं, दरवर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची म्हणून. २०२० ला कॅगनं, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेनं सांगितलं की ९ हजार ६३३ कोटी खर्चून भूजल वाढायला फारसा उपयोग झाला नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी किती भांडण झालं, कुणाचं सरकार, कुणाची चौकशी. आत्ता त्या बंधाऱ्यांची अवस्था काय आहे, हे मात्र त्या भांडणात कुणी विचारलं नाही.

बरं, २०२० मध्ये दुरुस्तीसाठीही मुख्यमंत्र्यांच्या नावानं योजना निघाली होती, मान्य. पण दुरुस्ती ही योजना असूच कशी शकते? योजना येते आणि जाते, घूस दरवर्षी लागते.

मला राहून राहून ती एक रात्र आठवते. मृगाचा पाऊस असा कोसळत होता की पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नव्हतं, आणि तात्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, बॅटरी घेऊन निघाले. काकू आडवी आली तर म्हणाले, "सांडव्याला काटवण अडकलं असंल तर पाणी भरावावरनं जाईल. मातीचा बांध हाय, एकदा वरनं पाणी गेलं की राहत न्हाई." पहाटे आले, गुडघ्यापर्यंत चिखल, हाताला काटे. चहा पिऊन झोपले. कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

तात्या वारल्यावर काही वर्षांतच बांध फुटला. सांडव्यात बाभळीचं रान झालं होतं. ज्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाणी असायचं त्या आता संक्रांतीलाच तळ दाखवतात. आपली गावाची चूक आहेच त्यात, नाही म्हणत नाही. कोल्हापुरी बंधाऱ्याचे पाणी अडवायचे लोखंडी बर्गे (फळ्या) चोरीला जातात ते काय बाहेरचे लोक नेतात? आणि खात्यात निम्मी टेबलं रिकामी, एकेका इंजिनिअरकडं किती गावं, तेही खरंय. त्या पोरांवर माझा राग नाही.

पण होतं, हो, करून दाखवलंय लोकांनी. जालन्याजवळ कडवंचीला इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात डोंगरमाथ्यापासून काम झालं, श्रमदानातून देखभालीचा निधी ठेवला, म्हणून आज तिथं द्राक्षाच्या बागा आहेत. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी कामं झाल्यावरही हात झटकले नाहीत, पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं, शेतीला बोअर घ्यायचाच नाही. वर्षानुवर्षं. तिथं गावानं एका तात्याचं काम सगळ्या गावावर वाटून घेतलं.

मग खात्याला हे का जमू नये? मंजुरी देतानाच पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा पैसा बाजूला काढा. गावातलाच एक माणूस मानधनावर ठेवा, चरातला गाळ, सांडवा, भराव बघायला. आणि जुनं दुरुस्त झाल्याशिवाय त्या नाल्यावर नवीन नारळ फोडू नका.

ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच वापरायचा निधी येतो, त्यात पावसाचं पाणी साठवायचं काम बसतं. तोवर तिथून काय निघतंय ते बघू. येत्या ग्रामसभेत मी जुन्या बांधाचा विषय अर्जानं देतोय. सह्या लागतील. आणि तुमच्या गावात जुने बंधारे किती, चालू किती, फुटलेले किती याची यादी कुणी केली असंल तर कमेंटमध्ये टाका, मला अर्जाला जोडायचीय.